फ्रँक ग्राइम्सचं चुकलं कुठे?

‘द सिम्पसन्स’मधला होमर हा आळशी, खादाड, बेजबाबदार बाप. स्प्रिंगफील्डच्या अणुऊर्जा प्रकल्पात सुरक्षा निरीक्षक, आणि ड्युटीवर झोपा काढतो. चिडला की दहा वर्षांच्या बार्टचा गळा आवळतो. तरी १९८९ पासून जग त्याच्यावर जीव टाकतंय. हे बरोबर आहे का, असं मालिकेनंच एकदा विचारलं होतं. १९९७ साली, ‘होमर्स एनिमी’ या भागात.

त्यात फ्रँक ग्राइम्स प्रकल्पात कामाला लागतो. चार वर्षांचा असताना आईबापांनी टाकलेला. पोस्टानं शिकून अणुभौतिकीची डिग्री मिळवलेला. राहतो कुठे, तर दोन बोलिंग अ‍ॅलींच्या मधल्या मजल्यावर. मालक बर्न्स त्याची कहाणी टीव्हीवर बघून हेलावतो, मोठं पद द्यायचं ठरवतो. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर एक शूर कुत्रा दिसतो आणि ते पद कुत्र्याला जातं. ग्राइम्सच्या वाट्याला होमरच्या शेजारची जागा. होमर चुकून अ‍ॅसिड प्यायला निघतो, ग्राइम्स हात मारून ते उडवतो, भिंत खराब होते. पगार कापला जातो ग्राइम्सचा.

मग होमर त्याला घरी जेवायला बोलावतो. लॉबस्टर, प्रशस्त घर, बायको, तीन मुलं, वर अंतराळात जाऊन आल्याचा फोटो. ग्राइम्सचा बांध तिथे फुटतो.

तो मत्सरानं मेला, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. मत्सर आहेच, पण त्याचा मूळ मुद्दा हा की अणुभट्टीवर लक्ष ठेवणारा माणूस झोपलेला असतो आणि कुणाला काही वाटत नाही. यात खोटं काय आहे?

तरीही आपण होमरच्या बाजूनं असतो, कारण आठ सीझन आपण त्याच्यासोबत काढलेत. १९९५च्या एका भागात नकोशा नोकरीवर परत आलेला होमर टेबलासमोरची अपमानकारक पाटी मॅगीच्या फोटोंनी अशी झाकतो, की उरलेल्या अक्षरांतून ‘तिच्यासाठी कर’ एवढंच वाचता येतं. ते पाहिल्यावर त्याचं सगळं माफ करावंसं वाटतं. ग्राइम्सला मात्र एकच एपिसोड मिळतो. (आणि त्याला विनोद करता येत नाही. सिटकॉममध्ये यापेक्षा मोठा गुन्हा नाही.)

माझी अडचण या माफीशी आहे. बार्टचा गळा आवळला तर माफ करायचा हक्क बार्टचा. पगार कापला गेला तर ग्राइम्सचा. आपण सोफ्यावर बसून त्यांच्या वतीनं माफी देऊन टाकतो, आणि वर स्वतःला दिलदार समजतो. आयटीत हे रोज चालतं. मध्यरात्री सर्व्हर पडतो, तो सावरणारा हसरा सहकारी हीरो होतो. हे पडणार असं कोड रिव्ह्यूमध्ये आधीच लिहिणारी मुलगी ‘निगेटिव्ह’ ठरते. तिला लंचलाही कुणी हाक मारत नाही. गोड माणसाच्या चुका टीम पोटात घालते. त्या निस्तरायला जाणारे शनिवार-रविवार तिचे असतात.

शेवटी ग्राइम्स वेडापिसा होऊन होमरची नक्कल करत सुटतो, हातमोजे न घालता हाय-व्होल्टेज तारा धरतो आणि मरतो. अंत्यविधीत होमरला डुलकी लागते. तो झोपेत बायकोला चॅनल बदलायला सांगतो, सगळे खदखदून हसतात, आणि शवपेटी खाली जाते. त्याआधी पाद्री म्हणालेला असतो, की ग्राइम्सला ‘ग्राइमी’ म्हटलेलं आवडायचं. हे नाव होमरनं पाडलेलं. माझं नाव नीट घे, असं ग्राइम्सनं त्याला बजावलं होतं, तेव्हा.