निवण्यापूर्वी

माणसाने डोके थंड ठेवावे, हा उपदेश मी वर्गात इतक्या वेळा केला आहे की त्यात काही उणे असेल अशी शंकाही मला कधी आली नव्हती. ती आली एका जुन्या मोटारीमुळे.

2023 च्या दिवाळीच्या सुटीत मी इंग्लंडात, यॉर्कशायरमध्ये, थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. दाजींपाशी 1964 सालची मॉरिस मायनर आहे. 1948 पासून 1971 पर्यंत निघालेली ही गाडी तिकडे अजून जिव्हाळ्याने सांभाळतात. एका गारठलेल्या सकाळी आम्ही निघालो. दहा मैल गेलो, तरी दाजींनी मागाहून बसवलेला तापमानाचा काटा 60 अंशांच्या वर सरकेना.

"इंजिन थंड आहे, हे बरेच की!" मी म्हणालो.

"मास्तर, तापलेले इंजिन ओरडून सांगते. गारठलेले मुकाट्याने झिजते."

गाडी थांबवून त्यांनी तेल ओतायच्या तोंडाचे झाकण काढून दाखवले. आतून लोण्यासारखा पांढरट थर धरला होता. इंजिन पुरेसे तापले नाही की पेट्रोलची नीट वाफ होत नाही. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते. जळणातून निघालेली पाण्याची वाफ आतच थिजून तेलात मिसळते, आणि हळूहळू धातू गंजू लागतो. दाजींनी रेडिएटरपुढे अर्धा पुठ्ठा खोचला, तेव्हा काटा चढला. "चढावर हा काढायला विसरलो, तर मात्र पाणी उकळेल," ते म्हणाले.

दोष निघाला थर्मोस्टॅटमध्ये. त्यात मेण असते. इंजिन गार असताना त्याची झडप मिटलेली असते व पाणी रेडिएटरकडे जात नाही. सुमारे 82 अंशांना मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. आधी तापू द्यायचे, मग निववायचे! दाजींच्या गाडीतली झडप उघडीच अडकली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. काही वर्षांपूर्वी परीक्षेत एका मुलापाशी चिठ्ठी सापडली होती. मी रागावलो नाही, आवाज चढवला नाही. नियमाप्रमाणे कागद भरला आणि त्याला बाहेर पाठवले. किती शांतपणे हाताळलेत, असे सहकारी म्हणाले, आणि मला ते आवडले. मुलगा पुन्हा शाळेत आला नाही. त्याचे वडील महिनाभर इस्पितळात होते, हे मला मागाहून कळले. मी संतापलो असतो, तर निदान "का रे असे केलेस?" एवढे तरी तोंडून निघाले असते. माझ्या शांतपणाने तेवढेही विचारले नाही.

संतापी माणसाला आवरायला चार जण धावतात. गारठलेल्याचे कौतुक होते. त्याच्या आत काय गंजते आहे, हे झाकण उघडल्याखेरीज दिसत नाही. राग चांगला, असे मी म्हणत नाही. विसरलेल्या पुठ्ठ्याने इंजिन जळतेच. पण जो कधी तापलाच नाही, त्याने निवण्याची प्रौढी कशाला मिरवावी? शांती ही कळवळ्यानंतरची पायरी आहे. मी तिला कळवळ्याच्या जागी बसवले होते.

हल्ली वर्गात तो उपदेश करताना माझी जीभ अडखळते. त्या मुलाचे घर मला ठाऊक आहे. या दिवाळीत तिकडे जायचे ठरवले आहे. काय बोलायचे, ते अजून ठरलेले नाही.