बोलणे पोहोचले काय?

(शास्त्रपाठ : नहेम्या ८:१–१२)

सुपा नावाची गावे आपल्या बाजूस दोन आहेत. एक पुणे-नगर रस्त्यावरचे, पारनेर तालुक्यातले. तेथे आता औद्योगिक वसाहत झाली आहे व आसपासच्या माथ्यांवर पवनचक्क्या फिरताना दिसतात. दुसरे पुणे जिल्ह्यात, बारामती तालुक्यात; त्यास बहुतेक लोक सुपे म्हणतात, परंतु इंग्रजी पुस्तकांत तेही सुपाच. आता कोणी नुसता "सुप्यास या" असा निरोप धाडला, तर धाडणाऱ्याच्या मनात एक गाव असते व ऐकणाऱ्याच्या मनात दुसरे असू शकते. शब्द बिनचूक, उच्चार स्पष्ट, ऐकणाऱ्याचे कानही धड; तरी माणूस भलत्याच गावी जाऊन उतरतो.

बोलणे म्हणजे भाकरीसारखी वस्तू एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देणे, असे आपण धरून चालतो. वस्तुतः मनातला विचार कोणासही दुसऱ्याच्या मनात ठेवता येत नाही. आपण केवळ शब्द देतो, हातवारे करतो, चेहरा दाखवितो. त्यांवरून ऐकणारा आपल्या स्वतःच्या कोठीतले धान्य काढून अर्थ शिजवितो, आणि त्याच्या कोठीत काय आहे हे आपणांस बाहेरून दिसत नाही. डॉक्टरांनी एखाद्या बाईस, "उद्या रक्त तपासायचे आहे, उपास करून या," असे सांगितले, तर ती सकाळी साबुदाण्याची खिचडी व शेंगदाण्याचे लाडू खाऊन येईल, आणि आपण आज्ञा तंतोतंत पाळली असे मानील. तिच्या घरी उपास ह्या शब्दाचा तोच अर्थ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दोष कोणाचा म्हणावा? डॉक्टरांनी "उद्या सकाळी काय खाल?" एवढे विचारले असते, तर घोटाळा तेथल्या तेथे उघडकीस आला असता.

हे उलट विचारणे होत नाही तेव्हा केवढे नुकसान होते, हे आपल्या जिल्ह्याने पूर्वी भोगले आहे. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या त्या दुसऱ्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. दंगा पसरत पसरत नगर जिल्ह्यात, पारनेर तालुक्यापर्यंतही आला. (नगर जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे.) त्याची कारणे अनेक होती : अमेरिकेतील युद्ध १८६५ साली संपल्यावर कापसाचा भाव उतरला, पुढे जमिनीचा सारा वाढला, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. पण दंगेखोरांनी बहुतेक ठिकाणी माणसांस मारले नाही. त्यांनी मागितले ते कागद : कर्जाची खते, रोखे, हुकूमनामे. ते हाती आले की त्यांची होळी केली.

कागदावर एवढा राग का? कारण तो कागद कुळाच्या तोंडून बोले आणि कुळास मात्र तो काय बोलतो हे ठाऊक नसे. लिहिणारा सावकार किंवा त्याचा कारकून. शेतकऱ्याने खाली नांगराची निशाणी करावी, बाईमाणसाने बांगडीची. मुदतीच्या कायद्यामुळे जुने खत तीन वर्षांत बाद होई, म्हणून थकलेले व्याज मुदलात घालून नवे खत होई. निशाणी करणारा समजे की जुनेच चालू आहे. कागद म्हणे, त्याने आज एवढी मोठी रक्कम नव्याने घेतली. लबाडी तर होतीच, ती आम्ही झाकीत नाही. परंतु लबाडीस जागा मिळाली ती ह्या मुक्या निशाणीमुळे.

सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले, आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा केला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांत लागू झाला. त्यात अशी तजवीज होती की शेतकऱ्याचा दस्त गावोगावच्या रजिस्ट्रारने आपल्या देखरेखीखाली लिहवावा व सही-निशाणीपूर्वी तो पक्षकारांस मोठ्याने वाचून दाखवावा. सुधारणा मोठी, ह्यात संशय नाही. तथापि आमच्या मनात एक प्रश्न येतो. वाचून दाखविल्यावर "समजले का?" असे विचारले, आणि समोर पुढल्या पेरणीचे बी देणारा सावकार बसला असेल, तर गरीब कुळ "होय जी" यावाचून दुसरे काय म्हणणार?

बंधूंनो, हे "होय जी" अजून मेलेले नाही. बँकेच्या अर्जावर, बचत गटाच्या कर्जाच्या कागदावर, इस्पितळात शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर, आमच्या मंडळ्यांतील कितीतरी म्हातारी माणसे अशीच मान हलवून अंगठा उठवितात. ती मान समजले म्हणून हलत नाही. साहेबांचा वेळ जाईल, लोक हसतील, अडाणी म्हणतील, ह्या भयाने ती हलते. वाऱ्याने किंवा गाड्यांच्या आवाजाने शब्द कानी पडला नाही, तर माणूस "काय म्हणालात?" असे सहज विचारतो. भयामुळे शब्द मनापर्यंत पोहोचला नाही, तर तो विचारीत नाही. म्हणून दुसरा अडथळा अधिक वाईट.

आता शास्त्रपाठाकडे वळू. यरुशलेमेत पाणीवेशीसमोरील चौकात लोक जमले आहेत. पुरुष, स्त्रिया आणि ज्यांस ऐकून समजेल अशी सर्व. लाकडी मंचावर उभा राहून एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, आणि लेवी लोकांत राहून त्याचा अर्थ फोड करून सांगतात. येथवरचा भाग आपल्या उपदेशकांस पाठ असतो. पण पुढे काय घडले, तेथे आम्ही वाचकांस थांबण्याची विनंती करतो. लोक रडू लागले. म्हणजे शब्द आत गेला होता. पण त्यातून त्यांनी उचलला तो केवळ दोष आणि दंड. तो दिवस आनंदाचा होता, हे त्यांच्या ध्यानी आले नव्हते. नहेम्या, एज्रा व लेवी ह्यांनी ती आसवे पाहिली आणि पुन्हा तोंड उघडले : रडू नका, घरी जा, जेवा, ज्यांच्या घरी काही शिजले नाही त्यांस वाटा पाठवा. मग लोक गेले व त्यांनी मोठा उत्सव केला, कारण सांगितलेले त्यांस समजले होते, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. एज्राने ग्रंथ मिटला व तो खाली मान घालून निघून गेला असता तर? वाचन अगदी शुद्ध झाले असते, आणि सारे नगर अर्धाच निरोप घेऊन, रडत, घरी गेले असते.

ऐकणाऱ्याच्या कोठीत काय आहे, हे पाहून बोलण्याचे कष्ट आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी घेतले. केडगावच्या मुक्तिसदनात (हे केडगाव दौंड तालुक्यातले, नगरच्या वेशीवरचे नव्हे, नावांचा हा घोळ आमची पाठ सोडीत नाही) त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध पवित्र शास्त्राचे भाषांतर साध्या मराठीत केले. संस्कृत जाणणाऱ्या ह्या विदुषीस जड शब्दांची वाण नव्हती. गावच्या बाईस वाचता यावे म्हणून त्यांनी ते बाजूस ठेविले. १९२२ साली त्यांचे निधन झाले व १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, नगरचे कृष्णराव सांगळे ह्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पाडला, त्यातही हाच गुण होता. कीर्तनात श्रोते धृपद उचलतात. त्यांचा सूर ढिला पडला की कीर्तनकारास लगेच कळते की माणसे मागे राहिली. व्यासपीठावरून वाचलेल्या प्रवचनास ही सोय नाही, आणि आमच्या ह्या लेखासही नाही.

ह्यास्तव पंचांस व पाळकांस आमची एक लहानशी विनंती आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर सूचना वाचून झाल्यावर "समजले ना सर्वांस?" असे विचारू नये. मागच्या सतरंजीवर बसलेल्या एखाद्या आजीबाईस प्रेमाने म्हणावे, "आजी, काय ठरले, तुमच्या शब्दांत सांगा पाहू." कोणी हसू लागल्यास त्यास गप्प करावे. आणि आजींच्या सांगण्यात वार, वेळ किंवा गाव चुकले, तर ती सूचना आपणच पुन्हा द्यावी, पहिल्यापेक्षा साध्या शब्दांत. आणि सभा सुप्यास असेल, तर कोणत्या सुप्यास हेही सांगावे.