देणे कुणाचे आधी?

कर्ज मागे ठेवून माणूस गेला की त्याच्या दारात दोन प्रकारचे धनको येतात. एकाच्या हाती नोटीस असते आणि तो थकबाकीचा आकडा व्याजासकट सांगतो. दुसरा सांत्वनाला येतो, चार शब्द बोलतो आणि आपल्या पैशांचा विषय न काढताच उठतो. वारसांचे लक्ष साहजिकच पहिल्याकडे जाते. या पहिल्याविषयी कायद्याचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. मृताची जेवढी मालमत्ता वारसाच्या हाती आली तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. बापाचे ऋण फेडणे हे पुत्राचे पवित्र कर्तव्य, एवढ्याच आधारावर मुलगा, नातू किंवा पणतू यांच्यामागे लागण्याचा धनकोचा हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांपुरता संपवला. तरीही एक प्रश्न उरतो: कायद्याने सोडलेला वारस धर्मानेही सुटतो का? माझ्या मते तो पूर्ण सुटत नाही. मात्र त्याचे कर्तव्य कर्जाच्या आकड्यावरून ठरत नाही, ते ठरते पैसे कुणी आणि कोणत्या विश्वासावर दिले यावरून.

शास्त्राने पुत्राला सरसकट बांधले होते, हा समज आधी बाजूला ठेवला पाहिजे. तैत्तिरीय संहितेत ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणे घेऊनच ब्राह्मण जन्मतो असे सांगितले आहे, पण पितृऋण फिटते ते प्रजेने, पैशाने नव्हे. पैशाच्या कर्जाचा विचार स्मृतिकारांनी व्यवहाराच्या प्रकरणात वेगळा केला आणि तिथे ते चांगलेच हिशेबी आहेत. बापाने दारू, स्त्रीलंपटपणा किंवा जुगार यांसाठी काढलेले कर्ज, त्याच्यावर राहिलेला दंड वा जकात आणि त्याने कबूल केलेले निरर्थक दान यांतले काहीही पुत्राने देऊ नये, असे याज्ञवल्क्य म्हणतो. बृहस्पतीच्या मते बापाचे कर्ज व्याजासह फेडायचे, आजोबांचे फक्त मुद्दल द्यायचे आणि पणजोबांचे देण्याचे बंधन नाही. म्हणजे पिढी उतरते तसे ऋण विरत जावे, ही दृष्टी परंपरेतच आहे. तिच्यात एक उणीव मात्र राहिली. तिने कर्ज तपासले ते काढणाऱ्याच्या हेतूवरून. देणाऱ्याने काय पणाला लावले होते, हा प्रश्न तिथे मागेच राहिला.

या उणिवेची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. वडिलोपार्जित मालमत्ता हाती आलेली नसली तरी मुलगा बापाच्या कर्जाला बांधील आहे, असा अर्थ मुंबई इलाख्यातील न्यायालये एके काळी लावत. १८६६ च्या कायद्याने ही जबाबदारी वारशात आलेल्या मालमत्तेपुरती सीमित केली. तरीही नऊच वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, आणि त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने कर्जबाजारीपणाच्या कारणांत वाडवडिलांपासून चालत आलेले कर्जही मोजले. कायद्याने सोडलेले कर्ज पुन्हा मानेवर बसत होते ते नव्या सहीच्या वाटेने. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानंतर सावकार दर तीन वर्षांनी खत नवे करून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवी. पुढच्या पेरणीला पैसा हवा असलेला, चारचौघांत बापाचे नाव राखू पाहणारा मुलगा अंगठा उठवी. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला, तो यामुळेच. मुलाची पितृभक्ती हीच धनकोची सर्वांत भक्कम जामीनकी झाली होती. ज्या कर्तव्याच्या बळावर सावकारी वाढते आणि जे सावकाराच्याच सोयीचे ठरते, त्याला पवित्र म्हणण्याआधी थांबून विचार केला पाहिजे.

म्हणून प्रश्न धनकोच्या बाजूने मांडून पाहावा. व्याज हे काही केवळ पैसा वापरू दिल्याचे भाडे नाही. ऋणको बुडेल, पळेल किंवा मरेल, या धोक्याचे मोलही त्यात धरलेले असते. बँक वा सावकार हा धोका ओळखून दर ठरवतो, जमीन किंवा दागिने गहाण ठेवून घेतो, जामीनदार उभा करतो, कधी कर्जाला विमाही जोडतो. मृत्यू हा त्याच्या व्यवहारातलाच एक संभव असतो. हातउसने देणाऱ्या शेजाऱ्याचे तसे नसते. त्याने व्याज घेतलेले नसते, कागद केलेला नसतो, आणि तीन वर्षांची मुदत उलटली की दाव्याचा मार्गही बंद होतो. हंगामाची मजुरी थकलेली बाई किंवा वहीवर उधार लिहून किराणा देणारा छोटा दुकानदार यांची गतही फारशी वेगळी नसते. मालमत्ता अपुरी असली की गहाणदार पहिला आणि हे त्याच्यानंतर, असा कायद्याचा क्रम आहे. व्यवहार चालायचा तर तो तसा असणे समजण्याजोगे आहे. पण त्याचा परिणाम असा की ज्याने सर्वांत जास्त विश्वास टाकला त्याच्या हाती सर्वांत कमी पडते. वारसाचा धर्म सुरू होतो तो इथे, कायद्याचा क्रम संपल्यावर.

यावर पहिला आक्षेप श्रद्धेचा आहे: कर्ज राहिले तर मृताला गती नाही. कर्ज बुडवणारा धनकोच्या घरी दास किंवा पशू होऊन जन्मतो, अशी वचने स्मृतींत आहेत. इस्लाममध्येही वारसांचे हिस्से कर्ज भागवल्यावरच पडतात, आणि देणे फेडण्याइतके मागे न ठेवता गेलेल्या कर्जदाराच्या जनाज्याची नमाज पैगंबर सुरुवातीच्या काळात स्वतः पढवत नसत, कुणी ते देणे अंगावर घेतले तरच पढवत, असे हदीस सांगते. ही भीती खोटी ठरवण्याची गरज नाही. पण हदीसमधला जामीन मुलगाच असावा लागत नाही आणि इस्लामी कायदाही वारसाला मालमत्तेपलीकडे धरत नाही. कर्मसिद्धांत मानणाऱ्याने तर एकाच्या कर्माचे फळ दुसऱ्याच्या सक्तीच्या वसुलीने फिटते असे म्हणणे विसंगत आहे. मृतासाठी द्यायचे ते स्वेच्छेने दिले तरच त्याला अर्थ. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: त्याच कर्जातून मुलांची शिक्षणे झाली, लग्ने झाली, मग ती मोकळी कशी? कुटुंबासाठी काढलेले कर्ज कुटुंबाने फेडावे, हे शास्त्रही म्हणते. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. लाभाने कृतज्ञता येते, पण दहा वर्षांच्या मुलाने त्या व्यवहाराला संमती दिलेली नसते. धनकोने पारखली होती ती बापाची पत. तिसरा आक्षेप असा की वारस सुटले तर गरिबाला कर्ज कोण देईल? १८६६ च्या कायद्याने दख्खनमधली सावकारी थांबली नव्हती, नव्या खतांवर ती चालूच राहिली आणि शेतकरी त्यातच बुडाला.

तेव्हा वारसाची दोन कर्तव्ये वेगळी ठेवावीत. पहिले सर्व धनकोंसाठी सारखे आहे: मालमत्तेचा खरा हिशेब. सोने लपवणे, जमीन घाईघाईने दुसऱ्याच्या नावावर करणे, बहिणीकडून हक्कसोड लिहून घेऊन मालमत्ता आपल्याकडे ठेवणे आणि देण्याची वाटणी करताना मात्र तिला पुढे करणे, ही फसवणूकच आहे, मग समोर बँक असो की सावकार. दुसरे कर्तव्य मालमत्ता संपल्यावरचे. ते ऐपतीइतकेच आहे आणि बिनव्याजी विश्वास टाकणारे, तसेच घामाचे पैसे अडकलेले, यांच्यापुरतेच आहे. त्यांनी मागितले नाही म्हणून ते संपत नाही, उलट न मागण्यामुळेच त्यांना शोधून विचारण्याचे काम वारसाकडे येते. आणि ज्याच्या हाती काहीच आले नाही, त्याने बापाच्या थकलेल्या व्याजासाठी नव्या कागदावर सही करायला नकार दिला तर त्यात अधर्म नाही. ती सही न करता वाचलेल्या पैशातून एका मजुराची थकलेली मजुरी देता आली, तर बापाचे नाव त्यानेच अधिक राखले जाईल.