पुढे जायचे, पण कशासाठी?



दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "पुढे जायला पाहिजे." आपण ख्रिस्ती माणसे मात्र या इच्छेकडे जरा संशयानेच पाहतो. मोठे व्हावेसे वाटणे म्हणजे गर्व तर नव्हे?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात वेगळेच सांगून ठेवले आहे. अंगी असलेल्या शक्तीला साजेसे काम टाळणे, मन कोते ठेवणे यालाच ते पाप म्हणतात. आणि दाखला देतात तो धन्याचे धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा. नम्रतेच्या नावाखाली आपण काय काय पुरून ठेवतो, ते ज्याचे त्याला ठाऊक!

मग गर्व सुरू कोठे होतो? नजर कोणावर आहे, यावर ते ठरते असे आम्हांला वाटते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली आपल्याच सोलापुरात जन्मले. मुंबईत डॉक्टर झाले, पुढील शिक्षणाची तयारी चालू होती. म्हणजे महत्त्वाकांक्षा होतीच. १९३८ मध्ये चीनमधील युद्धात जखमी झालेल्यांसाठी भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले, त्यात ते होते. तेथे ते चिनी भाषा शिकले आणि १९४१ मध्ये डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच वारले. शल्यचिकित्सक म्हणून ते वाढले, पण नजर जखमींवर होती.

पुढच्याच वर्षी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी माणसाच्या गरजांचा क्रम मांडला : आधी अन्न, मग सुरक्षितता, प्रेम, मान आणि शेवटी स्वतःचा विकास. कोटणीस या क्रमात बसत नाहीत. अर्थात ध्येयासाठी सर्वस्व सोडणारेही असतात, हे मॅस्लो यांनीही मान्य केले होते.

मात्र कोटणीसांनी हाल स्वतः पत्करले होते. हजारी दराने विड्या वळणाऱ्या आपल्या भगिनीने ते निवडलेले नाहीत. तिच्या मुलीला "पैशामागे धावू नकोस" असा उपदेश करणे आम्हांला पटत नाही. तिला पगाराची नोकरी हवी आहे ती आईची बोटे आता थांबावीत म्हणून. तिची नजरही दुसऱ्यावरच आहे.