ग्रंथालयातला पूर्वपक्ष

कॉलेजात काय शिकवावं आणि मुलांना काय वाचू द्यावं, हे कोणी ठरवायचं? सरकारनं, समाजानं, विद्यार्थी संघटनांनी, की ज्यांनी त्या विषयात उभं आयुष्य घातलं त्यांनी? प्रश्न जुनाच आहे. आमच्या इंदूरनं तो डिसेंबर २०२२ मध्ये अगदी जवळून पाहिला.

इथल्या शासकीय नवीन विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सामूहिक हिंसा आणि फौजदारी न्यायव्यवस्था या विषयावरचं डॉ. फरहत खान यांचं पुस्तक होतं. त्यात हिंदू समाजाविषयी आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाविषयी आक्षेपार्ह मजकूर आहे, अशी ओरड अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेनं केली. आंदोलन पेटलं. प्राचार्य इनामुर रहमान यांनी राजीनामा दिला. त्यांच्यावर, एका प्राध्यापकावर, लेखिकेवर आणि प्रकाशकावर गुन्हा नोंदला गेला. आता गंमत बघा, पुस्तक कॉलेजनं घेतलं होतं २०१४ मध्ये, आणि रहमान प्राचार्य झाले २०१९ मध्ये! सर्वोच्च न्यायालयानं त्यांना अटकेपासून संरक्षण दिलं. पुढे मे २०२४ मध्ये न्या. भूषण गवई आणि न्या. संजय करोल यांच्या खंडपीठानं, ही तक्रार मुळातच हास्यास्पद आहे, असं म्हणून त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला.

"झाला ना न्याय?" असं कोणी म्हणेल. झाला, पण तोवर दीड वर्ष गेलं, आणि खुर्ची तर पहिल्याच आठवड्यात गेली होती. शिवाय या काळात बाकीचे प्राध्यापक काय शिकले असतील? पुस्तकांची यादी करताना वादाचं नाव दिसलं की त्यावर काट मारायची, एवढंच. शेजारच्या उज्जैनमध्ये २००६ साली विद्यार्थी संघाच्या निवडणुकीच्या वादात झालेल्या धक्काबुक्कीनंतर प्रा. हरभजनसिंग सभरवाल यांचा मृत्यू झाला. खटला नागपूरला हलवला गेला आणि २००९ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. माळव्यातला मास्तर हे विसरलेला नाही. त्याला गप्प करायला कायदा लागत नाही, आठवण पुरते.

अशा वेळी आपण जैन मंडळी चटकन् अनेकान्ताचं नाव घेतो. "ज्याचं त्याचं सत्य" असं म्हणून मोकळे होतो. पण अनेकान्त इतका स्वस्त नाही. स्यादवादातला 'स्यात्' म्हणजे 'असेल बुवा' नव्हे. हे विधान कोणत्या अपेक्षेनं खरं आणि कोणत्या अपेक्षेनं खोटं, ते तपासून सांगण्याची जबाबदारी त्यात आहे. आणि तपासायचं तर समोरच्याचं म्हणणं आधी हातात हवं. म्हणून आपल्या आचार्यांनी पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला हात घातला नाही. आठव्या शतकात हरिभद्रसूरींनी 'षड्दर्शनसमुच्चय' लिहिला, त्यात परक्यांची दर्शनं त्यांची त्यांना ओळखू येतील अशीच मांडली.

याहून मोठा दाखला पाटणच्या ज्ञानभांडाराचा आहे. जयराशी भट्टाचा 'तत्त्वोपप्लवसिंह' हा ग्रंथ सगळीच प्रमाणं उधळून लावतो. जैनांची आत्म्याची कल्पनाही त्यातून सुटत नाही. लोकायत परंपरेतला म्हणून हाती आलेला हा जवळजवळ एकमेव ग्रंथ. त्याची हस्तलिखित प्रत विसाव्या शतकात सापडली ती पाटणच्या जैन भांडारात, आणि पंडित सुखलालजी व रसिकलाल परीख यांच्या संपादनानं ती १९४० साली बडोद्याहून छापली गेली. म्हणजे शतकानुशतकं आपल्याच पूर्वजांनी आपल्या मताचं खंडन करणारी पोथी जपली, वाळवीपासून राखली. ती जपणाऱ्यांना ते मत पटलं होतं का? मुळीच नाही. पोथी कपाटात ठेवणं म्हणजे तिच्यावर सही करणं नव्हे, एवढी समज त्यांना होती.

ही समज आपल्यात उरली आहे का, ते दुसऱ्याच्या दुखऱ्या जागेवरून कळायचं नाही. आपली दुखरी जागा घेऊ. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं संथारा म्हणजे आत्महत्या ठरवली. देशभर आपण मूक मोर्चे काढले, आणि महिना संपायच्या आत सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. मोर्चा काढणं, कोर्टात जाणं, दोन्ही आपला हक्क होता. पण उद्या एखाद्या विधी महाविद्यालयात संथाऱ्याला आत्महत्या म्हणणारं पुस्तक दिसलं आणि आपल्याच घरातली मुलं प्राचार्यांच्या दारात घोषणा देत बसली, तर? मी त्या मुलांना म्हणेन, पुस्तक राहू द्या. त्याच कपाटात समंतभद्राचार्यांचा 'रत्नकरंड श्रावकाचार' आहे की नाही, ते बघा. नसेल तर त्यासाठी भांडा.

परदेशातही हे दुखणं आहे, आणि ते एकाच बाजूचं नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यानं २०२२ मध्ये वंशभेदासारखे विषय वर्गात कसे शिकवावेत यावर कायद्यानं बंधनं घातली. विद्यापीठांपुरती ती त्याच वर्षी न्यायालयानं रोखली. उलट २०१७ मध्ये मिडलबरी कॉलेजात चार्ल्स मरे यांचं व्याख्यान विद्यार्थ्यांनीच आरडाओरडा करून बंद पाडलं, आणि त्या गोंधळात त्यांच्यासोबतच्या प्राध्यापिकेला दुखापत झाली. तिथल्या प्राध्यापकांच्या संघटनेनं १९१५ सालीच स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात शिक्षकाचं कर्तव्यही लिहून ठेवलं होतं. वादाच्या विषयावर बोलताना इतरांची मतं न लपवता, आडून टोमणे न मारता मांडावीत, असा त्याचा आशय. हरिभद्रसूरींना तो मान्य झाला असता. वर्गाची शाखा किंवा पक्षाचं कार्यालय करणाऱ्या मास्तराला या स्वातंत्र्याचा आडोसा घेता येणार नाही, मग तो कुठल्याही रंगाचा असो.

एखादं पुस्तक खरोखर वाईट असू शकतं, पुरावा न देता एका समाजावर आरोप करणारंही. त्याचा खोटेपणा दाखवायला दुसरं पुस्तक, एखादा लेख, वर्गातला एक चांगला तास लागतो. कोणी हिंसेला चिथावणी देत असेल तर त्यासाठी कायदा आहेच. बाकी सगळ्याला उत्तरपक्ष पुरतो.

श्रुतपंचमीला आपण शास्त्रांवरची धूळ झटकतो, नवी वेष्टनं बांधतो, आरती करतो. पण कपाट उघडल्यावर त्यात आपल्या विरोधातलं एकही पान नसेल, तर ती पूजा अर्धीच झाली असं मला वाटतं.