आसन हक्काचे, देणे खुशीचे

सर्व स्तुती अल्लाहसाठीच आहे. त्याचे अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.), त्यांचे कुटुंबीय आणि सहाबा (रजि.) यांच्यावर दरूद व सलाम असो.



पनवेल हे पूर्वीपासूनच प्रवाशांचे गाव आहे. महाड, म्हसळा, श्रीवर्धन, खेड, चिपळूण येथून येणारी माणसे येथे उतरतात आणि पुढच्या वाटेला लागतात. रोजगारासाठी आखाती देशांत गेलेला एखादा मुलगा किंवा भाऊ कोकणातील कितीतरी मुस्लिम घरांत आहे. आता तर डिसेंबर २०२५पासून आपल्याच तालुक्यातील नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडू लागली आहेत. साहजिकच जुम्याच्या नमाजनंतर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत प्रवासाचे प्रश्न वाढले आहेत. एहराम कोठे बांधावा, विमानात नमाज कशी अदा करावी, हे नेहमीचे प्रश्न आहेतच. मात्र त्यांत अलीकडे आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे.

उमराहहून परतलेल्या एका गृहस्थांनी विचारले, “मौलाना, आमच्या कुटुंबाला विमानात वेगवेगळ्या रांगांत जागा मिळाल्या. शेजारी एक तरुण एकटाच होता. त्याला जागा बदलण्याची विनंती केली, तर त्याने नकार दिला. मुसलमानाने मुसलमानासाठी एवढेही करू नये काय?” काही दिवसांनी एका विद्यार्थ्याचा प्रश्न याच्या नेमका उलट होता. “जादा पैसे भरून मी खिडकीजवळची जागा घेतली होती. चार-पाच जण भोवती उभे राहिले, सवाबची आठवण करून देऊ लागले. मी लाजेने उठलो. पण मनात राग राहिला. माझ्या सवाबचे काय?”

दोघांचेही प्रश्न प्रामाणिक आहेत. बाब छोटी आहे, असे म्हणून ती सोडून देता येत नाही. कारण येथे एका माणसाचा हक्क आहे, दुसऱ्याची गरज आहे आणि दीनच्या नावाने टाकला गेलेला दबावही आहे.

प्रथम हक्काचा विचार करू. इब्ने उमर (रजि.) यांच्याकडून आलेल्या बुखारी व मुस्लिम यांच्या हदीसचा आशय असा की, कोणी दुसऱ्याला त्याच्या जागेवरून उठवून स्वतः तेथे बसू नये, उलट बसलेल्यांनी सरकून जागा करून द्यावी. स्वतः इब्ने उमर (रजि.) यांची सावधगिरी तर अशी होती की, कोणी त्यांच्यासाठी आपणहून उठले तरी ते त्या जागेवर बसत नसत. उठणारा केवळ संकोचाने उठला असेल, ही शंका त्यामागे असावी, असे विद्वानांनी सांगितले आहे. त्या विद्यार्थ्याचा प्रसंग येथे आठवावा. चार माणसांच्या नजरेखाली जे दिले जाते, त्यात देणाऱ्याची खुशी असतेच असे नाही. आणि मनाच्या खुशीवाचून दुसऱ्याची वस्तू आपल्यासाठी हलाल होत नाही, ही शरीअतची मूलभूत शिकवण आहे.

आता मागणाऱ्याचा अदब पाहू. यासाठी प्रेषितांच्या (स.) जीवनातील एक प्रसंग पुरेसा आहे. त्यांच्यासमोर पेय आणले गेले. ते प्याल्यानंतर पेला उजवीकडच्याला देण्याची रीत होती. उजवीकडे एक लहान मुलगा होता आणि डावीकडे वयोवृद्ध मंडळी बसली होती. प्रेषितांनी (स.) त्या मुलालाच विचारले की, हा पेला आधी या ज्येष्ठांना देण्याची तुझी परवानगी आहे काय? मुलाने नम्रपणे नकार दिला. आपल्याकडून मिळणारा माझा वाटा मी दुसऱ्या कोणाला देणार नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. तेव्हा प्रेषितांनी (स.) तो पेला त्याच्याच हाती ठेवला.

विचारणारे अल्लाहचे प्रेषित होते, ज्यांच्यासाठी विचारले ते वडीलधारे होते आणि नकार देणारे एक बालक होते. तरीही ना त्याला कोणी खजील केले, ना ज्येष्ठांच्या मानाचा दाखला देऊन त्याचे मन वळविले. जेथे ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असते, तेथेच विनंती ही विनंती राहते. ती मोकळीक काढून घेतली की शब्द कितीही गोड असोत, तो हुकूम होतो. म्हणून त्या गृहस्थांना माझे उत्तर असे होते की, तो तरुण गुन्हेगार नाही. त्याने एक मोठी नेकी करण्याची संधी सोडली असेल, पण आपला कोणताही हक्क हिरावलेला नाही. त्याच्याविषयी मनात कडवटपणा ठेवू नका आणि चार लोकांत त्याची गीबत तर मुळीच करू नका.

मग आसन सोडण्याला काहीच मोल नाही काय? आहे, आणि फार मोठे आहे. मुळात आसन हक्काचे आहे म्हणूनच ते सोडण्याला मोल आहे. जे आपले नाही ते देण्यात कसला ईसार? सूरह अल् हश्रच्या नवव्या आयतीत अल्लाहने मदीनेच्या अन्सारची प्रशंसा केली, ती याचसाठी की स्वतः तंगीत असताना त्यांनी मुहाजिरांना स्वतःपेक्षा अग्रक्रम दिला. सूरह अल् मुजादलाच्या अकराव्या आयतीत तर श्रद्धावंतांना बैठकीत जागा करून देण्याची आज्ञा आहे आणि जो जागा करून देईल त्याला अल्लाह विशालता प्रदान करील, असे वचन आहे. शिवाय सूरह अन्-निसाच्या छत्तिसाव्या आयतीत ज्यांच्याशी सद्वर्तन करण्यास सांगितले आहे, त्यांत आई-वडील, नातलग, अनाथ, गरजू व शेजारी यांच्याबरोबर ‘जवळ असलेला साथीदार’ही आहे. अनेक भाष्यकारांनी त्याच्या अर्थात सहप्रवाशाचाही समावेश केला आहे. चार तासांचा का असेना, शेजारच्या आसनावरील माणूस हा आपला साथीदार आहे. तो कोणत्या धर्माचा आहे, अशी अट तेथे घातलेली नाही.

सर्व विनंत्या मात्र एकाच तोलाच्या नसतात. मित्रांना गप्पा मारायच्या आहेत ही एक गोष्ट, आणि तीन वर्षांचे मूल आईपासून पाच रांगा दूर बसले आहे ही दुसरी. बंदिवानांमध्ये आई व मूल यांची ताटातूट करणाऱ्याला प्रेषितांनी (स.) कठोर इशारा दिला आहे, कियामतच्या दिवशी अल्लाह त्याचीही त्याच्या प्रियजनांपासून ताटातूट करील, असा तिरमिजीतील त्या हदीसचा आशय आहे. विमानातील प्रसंग अर्थातच तसा नाही. पण आई व मुलाच्या नात्याचे अल्लाहजवळ किती मोल आहे, ते यावरून कळते. अबू दाऊदमधील एका हदीसमध्ये प्रवासाचाच प्रसंग आहे. काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती कासावीस होऊन पंख फडफडवू लागली. प्रेषितांनी (स.) ते पाहताच, हिला हिच्या पिल्लांसाठी कोणी दुःख दिले, असे विचारले आणि पिल्ले परत ठेवण्यास सांगितले. ज्यांच्या करुणेत पक्षिणीलाही जागा होती, त्यांच्या उम्मतीने रडणारे बालक पाहून खिडकीबाहेर नजर वळवावी, हे शोभत नाही. अशा वेळी मागणीची वाटही पाहू नये. आपण होऊन उठावे.

देणाऱ्यालाही दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली, दिल्यानंतर उपकार बोलून दाखवू नये. उपकाराची जाणीव करून देऊन व मन दुखवून सदका वाया घालवू नका, ही सूरह अल् बकराची शिकवण आसनालाही लागू आहे. दुसरी, ज्याला स्वतःलाच अडचण आहे, उदाहरणार्थ ज्याचा गुडघा दुखतो किंवा जी भगिनी एकटी प्रवास करीत असून विचारपूर्वक जागा निवडून बसली आहे, तिने किंवा त्याने संकोच न बाळगता, सौम्य शब्दांत नकार द्यावा. गोड बोलणे हाही सदकाच आहे.

आता कुटुंबप्रमुखांसाठी आणि उमराहच्या काफिल्यांच्या जबाबदार मंडळींसाठी चार शब्द. प्रेषितांनी (स.) उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, अशी शिकवण दिली आहे. आसनांचा बंदोबस्त वेळीच करणे, हे आजचे उंट बांधणे होय. सर्व कुटुंबाची तिकिटे एकाच पीएनआरवर काढावीत आणि वेब चेक-इन सुरू होताच ते करावे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४मध्ये विमान कंपन्यांना निर्देश दिले आहेत की, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरील आई-वडील किंवा पालक यांपैकी किमान एकाजवळ जागा द्यावी. तसे झाले नसेल, तर विमानात चढण्यापूर्वीच काउंटरवर सांगावे. पतीपासून दूर, परक्या पुरुषाशेजारी जागा मिळाल्याने अवघडलेल्या भगिनीची अडचणही तेथेच मांडावी. तरीही विनंती करण्याची वेळ आलीच, तर एकट्याने जावे, घोळका करू नये. आपल्याकडची चांगली जागा देऊ करावी. मागच्या रांगेतील मधली जागा पुढे करून खिडकीची मागू नये. अदलाबदल विमानातील कर्मचाऱ्यांना विचारूनच करावी, कारण आपत्कालीन दाराजवळच्या रांगेत मुलांना बसविता येत नाही. आणि कोणी नकार दिला, तर त्यालाही हसून दुआ द्यावी.

जो अल्लाहच्या घराकडे निघाला आहे, त्याने वाटेत एखाद्याला संकोचात टाकून त्याची जागा घ्यावी आणि पुढे काबागृहासमोर मगफिरतची दुआ मागावी, याचा विचार प्रत्येकाने स्वतःच्या मनाशी करावा. याउलट एखादी आई आपले झोपलेले मूल मांडीवर घेऊन निश्चिंत बसली आहे आणि कोणीतरी अनोळखी माणूस मागच्या रांगेत पाय आखडून बसला आहे, हे दृश्य अल्लाहपासून लपलेले नाही.

हे अल्लाह, आम्हाला आमचे हक्क ओळखण्याची समज दे, दुसऱ्यांचे हक्क जपण्याची तौफीक दे आणि आपला हक्क खुशीने सोडण्याइतके विशाल मन दे. प्रवासात असलेल्या सर्वांना सुखरूप आपल्या माणसांत पोहोचव. आमीन.