घरातला कचरा आणि दुरुस्तीचा हक्क

घरगुती कचऱ्यातले किती पुन्हा वापरात येईल, हे बहुतांशी स्वयंपाकघरातच ठरते. वर्तमानपत्रावर आमटी सांडली की तो कागद गिरणीच्या उपयोगाचा राहत नाही. तेलकट पुठ्ठ्याला रद्दीवाला भाव देत नाही. म्हणून ओला आणि सुका कचरा एकमेकाला लागण्याआधीच वेगळा व्हावा लागतो. एकदा घंटागाडीत मिसळला की पुढचे कोणतेही यंत्र तो पुरता निवडू शकत नाही. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घातक असे तीन भाग घराघरावर बंधनकारक केले. त्यातला तिसरा भाग सर्वांत दुर्लक्षित राहिला. जुनी औषधे, रंगाचे डबे, ट्यूबलाइट, बॅटऱ्या हे सर्रास सुक्या कचऱ्यात जाते, आणि लिथियमची बॅटरी गाडीत चेपली गेली तर पेट घेऊ शकते.

सुका कचरा हाही एकच माल नव्हे. भंगाराच्या दुकानात पांढरा कागद, रद्दी, पुठ्ठा, काच, पत्रा, तांबे, अ‍ॅल्युमिनियम यांचे ढीग वेगळे आणि भावही वेगळे. पाण्याच्या बाटलीचे आणि तिच्या झाकणाचे प्लास्टिकसुद्धा एक नसते. ही पारख आपल्याकडे मुख्यतः कचरावेचक बायकांच्या हातात आहे. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना बाबा आढावांसारख्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तिच्यातूनच निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने 2008 मध्ये महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करण्याचे काम घेतले. घरे दरमहा शुल्क देतात आणि सुका माल विकून आलेले पैसे वेचणाऱ्यांचेच असतात. या रचनेचे मर्म त्यातच आहे. निवडणाऱ्या हातालाच मालाची किंमत मिळत असल्यामुळे निवड बारकाईने होते. वजनावर पैसे घेणाऱ्या ठेकेदाराला उलट जड, मिसळलेला कचराच परवडतो. वापरलेले पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, अशी या बायकांची साधी मागणी आहे. सुशिक्षित घरांनाही तेवढे करणे जड वाटते, ही शरमेची गोष्ट आहे.

तरीही नीट निवडलेल्या कचऱ्यात एक ढीग असा उरतोच, ज्याला गिऱ्हाईक नसते. वेफर्सच्या पुड्यात प्लास्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सोडवण्याचा खर्च मिळणाऱ्या मालाहून अधिक. इथे गृहिणीच्या शिस्तीचा काही उपयोग नाही, कारण निर्णय कारखान्यात झालेला असतो.

उपकरणांबाबत हे अधिक ठळकपणे दिसते. जुना पंखा मंद झाला की कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन कंडेन्सर बदलतो. मिक्सर थांबला की कार्बन ब्रश किंवा कपलर. स्क्रू काढले की आतले सगळे उघडे होते आणि भाग कोणत्याही बाजारात मिळतात. पुष्कळशा आजच्या मोबाइलची बॅटरी मात्र गोंदाने चिकटवलेली असते. काही फोनमध्ये तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनचा अस्सल भाग बसवला तरी सॉफ्टवेअर तो पुरता स्वीकारत नाही. असा फोन भंगारात गेल्यावर त्यातले तांबे, सोने काही प्रमाणात हाती येते. पण तो घडवण्यात गेलेली वीज, पाणी आणि कारागिरी परत येत नाही. मुरादाबादसारख्या ठिकाणी तर सर्किट बोर्ड जाळून आणि आम्लात बुडवून धातू काढले गेले आणि त्याचे विष माती-पाण्यात उतरले. म्हणून पुनर्चक्रीकरण हा दुरुस्तीनंतरचा उपाय आहे. सरकारी धोरणांत मात्र दोन्ही वेगवेगळ्या खात्यांत विभागले गेले आहेत.

1 एप्रिल 2023 पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची उद्दिष्टे घालतात आणि हिशेब वजनात होतो. गल्लीतल्या दुकानात दुरुस्त होऊन आणखी पाच वर्षे चाललेला मिक्सर या हिशेबात कुठेच दिसत नाही. दुरुस्तीच्या हक्काचा विचार ग्राहक व्यवहार खात्याकडे आहे. त्याने 2022 मध्ये समिती नेमून शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे ठरवली आणि कंपन्यांची माहिती देणारे संकेतस्थळ सुरू केले. माहिती देणे आणि हक्क देणे यांत मोठे अंतर आहे. त्याआधीच, 2014 मध्ये, स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना 2,500 कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने न देणे, हा त्यांच्यावरचा ठपका होता. फोन किंवा वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याची तक्रार याहून वेगळी नाही.

फ्रान्सने 2021 पासून काही उपकरणांवर दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले. दुरुस्तीची कागदपत्रे, उघडण्याची सोय, सुट्या भागांची उपलब्धता आणि वस्तूच्या किमतीशी ताडून पाहिलेली त्या भागांची किंमत, यांवर हे गुण प्रामुख्याने ठरतात. यातला शेवटचा निकष भारतासाठी सर्वांत मोलाचा आहे. इथे दुरुस्तीची मजुरी स्वस्त आणि हात कुशल आहेत. ग्राहक मागे फिरतो तो नव्या डिस्प्लेची किंमत ऐकून. भागांच्या किमतीला मर्यादा आणि ते किती वर्षे मिळत राहतील याची हमी, या दोन गोष्टी कायद्यात लिहून आल्या, तर दुकानाच्या फळीवर पडून राहिलेले पुष्कळ फोन भंगारात जाण्याऐवजी घरी परत जातील.